दुसऱ्याचा दमा

त्याला सगळे पाणक्या म्हणत, आणि त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. काम तेच होतं. सायकलच्या मोठ्या शर्यतीत प्रत्येक संघाचे आठ जण उतरतात. त्यातला एक जिंकायला असतो आणि उरलेले सात त्याला जिंकवायला. पाणक्या त्या सातांतला. घोळक्यातून मागे पडायचं, संघाच्या गाडीच्या खिडकीला सायकल लावायची, बाटल्या घ्यायच्या. तीन पाठीच्या खिशांत, दोन मानेकडून सदऱ्याच्या आत, एक-दोन पोटाशी. मग त्या गार बाटल्या अंगाला चिकटलेल्या असताना जीव तोडून पुन्हा पुढे जायचं. वाटप झालं की वाऱ्याच्या तोंडी राहायचं, म्हणजे मागच्याला वारा लागत नाही. अकरा वर्षं त्याने हे इमानेइतबारे केलं. या अकरा वर्षांत तो एकदाही आजारी पडला नाही, आणि एकही शर्यत जिंकला नाही.

बगळ्याला संघात आणलं ते त्यानेच. बगळा तेव्हा एका लहानशा क्लबातून आलेला, लांब मानेचा, काडीसारख्या पायांचा पोरगा. राहायला जागा नव्हती. पाणक्याने आपल्या घराची मागची खोली त्याला दोन महिने वापरायला दिली. घाटात श्वास कसा राखायचा, उतारावर वळणात ब्रेक कधी सोडायचा, मॅनेजर ओरडला की कोणत्या कानाने ऐकायचं, सगळं शिकवलं. दोन महिन्यांचे सहा झाले आणि सहाव्या महिन्यात कळलं, की पाणक्याची धाकटी बहीण, जी चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि घरी फक्त झोपायला यायची, ती हल्ली दुपारच्या जेवणालाही घरी येते.

"खोली दिली आणि बहीण गेली," असं पाणक्या लग्नात सगळ्यांना सांगत होता. तेव्हा तो मनापासून हसत होता.

हसू आटलं ते तीन वर्षांनी. एका शर्यतीच्या सहाव्या टप्प्यात पाणक्या आणखी तिघांबरोबर पुढे सुटला. असं त्याच्या आयुष्यात तीन-चारदाच घडलं असेल. मागचा घोळका चार मिनिटं लांब होता. शेवटचा घाट आला तेव्हा बरोबरचे तिघे धापा टाकायला लागले आणि याचे पाय मात्र हलके होते. कधी नव्हे ते त्याला वाटलं, आज आपलं आहे. तेवढ्यात कानातल्या यंत्रातून मॅनेजरचा आवाज आला.

"पाणक्या, थांब. बगळ्याचं चाक पंक्चर झालंय. एकटा पडलाय. त्याला घेऊन ये."

"साहेब, दहा किलोमीटर राहिलेत."

"म्हणूनच म्हणतोय, थांब."

तो थांबला. रस्त्याच्या कडेला एक पाय टेकून उभा राहिला आणि त्याच्यासमोरून सगळे निघून गेले. बगळा आला, लांब मान खाली घालून. "दादा, सॉरी," म्हणाला. पाणक्याने त्याला आपल्या पाठीमागे घेतलं आणि पुढच्या एकेकाला मागे टाकत घाटावर ओढून नेलं. त्या दिवशी बगळा चौथा आला आणि त्या आठवड्याच्या शेवटी, सगळे टप्पे धरून, दुसरा. पुढच्या वर्षीपासून संघ बगळ्याचा झाला. बक्षीस देताना मॅनेजर म्हणाला, "घरातलाच माणूस मोठा झाला, पाणक्या, तुला तर अभिमान वाटत असेल."

"वाटतो ना," पाणक्या म्हणाला. आणि वाटतही होता, पण अभिमानाच्या खाली दुसरंच काहीतरी चरत होतं, जसं लाकडाच्या आत कीड चरते. वरून काही दिसत नाही.

मग दिसायलाही लागलं. जेवायला बसल्यावर आई आधी "जावईबापूंना वाढ" म्हणायची, ते त्याला टोचायचं. बगळ्याला नवी सायकल आधी मिळायची, ते टोचायचं. अंग चोळून देणारा माणूस बगळ्याच्या पायांना चाळीस मिनिटं द्यायचा आणि याच्या पायांना पंधरा. पाणक्या भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजायचा. आणि हे सगळं कोणाला बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण बगळा माणूस म्हणून वाईट नव्हता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं!

वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शर्यतीला दोन आठवडे राहिले असताना एका रविवारी तो धाकटीकडे जेवायला गेला. बगळा आतल्या खोलीत पडला होता. मधूनमधून खोकल्याचा आवाज येत होता.

"याला काय झालं?" पाणक्याने विचारलं.

धाकटीने दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "दादा, कोणाला बोलू नकोस. त्याचा दमा वाढलाय. नुसत्या पंपाने भागत नाही. संघाच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्यात, स्टेरॉइडच्या. त्या शर्यतीत चालत नाहीत ना, म्हणून रीतसर परवानगी काढलीये. बाहेरच्या तीन डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सही केली. नऊ दिवसांचा कोर्स आहे. कालपासून सुरू झाला."

"दमा? याला?" पाणक्या म्हणाला. "माझ्या घरात सहा महिने राहिला. एकदा शिंकलासुद्धा नाही."

"तेव्हा नव्हता. दोन वर्षांपासून आहे. गार हवेत तासन्‌तास जोरजोरात श्वास घेऊन घेऊन होतो म्हणे कित्येकांना."

"मी नाही का घेत जोरजोरात श्वास?"

धाकटीला ते विनोदी वाटलं. ती हसली आणि त्याच्या ताटात आणखी वाढलं. पाणक्या मनात दिवस मोजत बसला. नऊ दिवस! पंप सगळ्यांना ठरलेल्या मात्रेत चालतो, हे त्याला माहीत होतं. पण त्या गोळ्या म्हणजे वेगळी गोष्ट. त्यांनी सूज उतरते, दुखणं पळतं, अंगावरची चरबी झडते आणि थकवा म्हणून काही कळत नाही, असं बसमध्ये मागच्या बाकांवर कुजबुजत बोललं जायचं. कोणी लपून खाल्ल्या तर दोन वर्षं घरी बसायचं. आणि ह्याला सही-शिक्क्यानिशी! इथे कुठेतरी पाणी मुरतंय, त्याने स्वतःला सांगितलं. सांगितल्यावर त्याला फार बरं वाटलं. बगळा आपल्यापेक्षा चांगला आहे यापेक्षा बगळा लबाड आहे हे पचायला केव्हाही सोपं.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. कोणाला बोलू नको, असं तिलाही बजावलं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, लोकांना दुसऱ्याच्या घराचा हेवा वाटतो, रूपाचा वाटतो. तुम्हाला खोकल्याचा वाटायला लागला?"

"खोकल्याचा नाही गं, कागदाचा."

"मग तुम्हीही खोका."

ती थट्टेत म्हणाली. पण पाणक्या दुसऱ्या दिवशी खरोखरच संघाच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसला. बाई बुटक्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या, आणि फालतू बोलणं अजिबात खपवून न घेणाऱ्या होत्या.

"मला धाप लागते," तो म्हणाला.

"घाटात?"

"हो."

"घाटात सगळ्यांनाच लागते. त्यालाच घाट म्हणतात." पण त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तपासणी केली. नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायला लावलं. मग एका जागी बसवलेल्या सायकलवर सहा मिनिटं गार, कोरडी हवा जोरजोरात ओढायला लावली आणि पुन्हा फुंकायला लावलं. पाणक्याने शेवटी शेवटी मुद्दाम हळू फुंकलं. बाईंनी त्याच्याकडे एकदा नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, "आता खरं फुंका."

यंत्रातून कागद बाहेर आला. बाईंच्या भुवया वर गेल्या. "अकरा वर्षं या संघात आहे मी, पण अशी फुप्फुसं पाहिली नाहीत. घोड्याची आहेत, घोड्याची! जा, पेढे वाटा."

दुसरा कोणी असता तर नाचत गेला असता. पाणक्या बाहेर जिन्यावर येऊन बसला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. देवाने सगळं दिलं होतं, घोड्याची छाती, लोखंडी पाय, कधी न बिघडणारं पोट. आणि तरी मालक दुसराच! त्या आजारी माणसासाठी या घोड्याने पाणी वाहायचं.

ती शर्यत बगळा जिंकला. पाणक्याने तीन आठवड्यांत किती बाटल्या वाहिल्या त्याची गणती नाही. शेवटच्या दिवशी व्यासपीठावर बगळ्याने त्याला वर ओढलं आणि माइकमध्ये म्हणाला, "हा नसता तर मी नसतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाणक्या हसला आणि हात हलवला. मनात म्हणाला, मी नसतो तर तू नसतास, आणि गोळ्या नसत्या तर?

आठ-दहा दिवसांनी एक वार्ताहर त्याला भेटायला आला. संघाच्या कार्यशाळेत पाणक्या स्वतःच्या सायकलची साखळी धूत बसला होता. वार्ताहर गोड बोलणारा. त्याने अर्धा तास नुसती पाणक्याची स्तुती केली. अकरा वर्षं, निष्ठा, पडद्यामागचा कलाकार. एवढ्या वर्षांत पाणक्याबद्दल कोणी असं बोललं नव्हतं. रिकाम्या पोटी दारू चढावी तशी ती स्तुती त्याला चढली.

"सहाव्या टप्प्याला तुम्हाला थांबवलं होतं ना? त्या दिवशी जिंकला असतात तुम्ही," वार्ताहर म्हणाला.

"जिंकलो असतो की."

"तुमचे मेहुणे यंदा एकदम फारच..."

पाणक्याने साखळीवरून फडकं फिरवलं. फिरवत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "माझं नाव घालू नका. फक्त एवढं विचारा त्यांना, की दमा कधीपासून आहे. आणि शर्यतीच्या आधी नऊ दिवस गोळ्या कसल्या चालल्या होत्या."

झालं. तोंडातून शब्द गेले तेव्हा त्याला वाटलं, फार काही बोललो नाही. खोटं तर एक अक्षर बोललो नाही. नुसता प्रश्न विचारा म्हटलं. पण घरचा भेदी लंका दहन करतो तेव्हा तोही काही खोटं बोललेला नसतो.

तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर बातमी आली. "विजेत्याच्या नऊ दिवसांच्या गोळ्या," असा मथळा, आणि खाली, संघातल्या एका जवळच्या माणसाच्या हवाल्याने वगैरे. परवानगी होती, सगळं नियमात होतं, हेही छापलं होतं, पण अकराव्या ओळीत. अकराव्या ओळीपर्यंत वाचतो कोण? चौकशी लागली. बगळ्याच्या घराच्या भिंतीवर कोणीतरी इंजेक्शनचं चित्र काढून गेलं. धाकटीच्या दुकानात गिऱ्हाईकं चष्मा बघायचं सोडून तिच्या तोंडाकडे बघायला लागली. सरावाला रस्त्यावर निघालं की पोरंटोरं तोंडाला मूठ लावून पंप मारल्याची नक्कल करायची, खो-खो खोकायची.

पहिल्या दिवशी पाणक्याला आत कुठेतरी गुदगुल्या झाल्या. हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशीही थोड्या झाल्या. तिसऱ्या दिवशी त्याने बगळ्याला बसमध्ये एकटं बसलेलं पाहिलं. हातात पंप होता. खिडकीबाहेर माणसं होती, म्हणून तो पंप तोंडाला न लावता तसाच हातात धरून बसला होता. पाणक्या त्याच्या शेजारून पुढे गेला आणि आपल्या जागेवर बसला.

पुढची शर्यत डोंगरातली. बस सुरुवातीच्या जागी उभी होती. बगळा उतरला तेव्हा पंप त्याने आपल्या बाकावरच ठेवला. डॉक्टरीणबाई मागून ओरडल्या, "अहो, हे विसरलात!"

"विसरलो नाही," बगळा म्हणाला. "आज कोणाला माझ्या खिशात काही दिसणार नाही."

बाई रागावल्या, समजावलं, पण तो ऐकेना. शेवटी त्यांनी पंप आपल्या पिशवीत टाकला आणि गाडीत बसल्या.

घाट लांब होता आणि वर हवा बोचरी गार. पाणक्या पुढे, बगळा त्याच्या चाकाला चाक लावून मागे. अर्ध्या घाटात पाणक्याला मागून एक आवाज ऐकू आला. आधी त्याला वाटलं, कोणाच्या तरी ब्रेकचं रबर घासतंय. बारीक शिट्टीसारखा, लांबत जाणारा आवाज. मग लक्षात आलं की तो आवाज बगळ्याच्या छातीतून येतोय. त्याने मागे वळून पाहिलं. बगळ्याचे ओठ निळसर झाले होते, मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या ताणलेल्या, आणि डोळे असे, की जणू पाण्याखालून वर बघतोय. श्वास बाहेर जात नव्हता, म्हणून नवा आत येत नव्हता. हे नाटक नव्हतं. असं नाटक कोणाला करता येत नाही.

"बगळ्या! थांब! उतर खाली!"

बगळ्याने मान हलवली. बोलता येत नव्हतं. पाणक्याने त्याच्या पाठीला धरून त्याला कडेला घेतलं, दगडावर बसवलं आणि कानातल्या यंत्रात ओरडला. उत्तरादाखल नुसती खरखर. डोंगराच्या त्या बाजूला काही ऐकू जात नव्हतं. संघाची गाडी दोन वळणं खाली, मागे पडलेल्या घोळक्याच्या मागे अडकली होती. पाणक्याने सायकल फिरवली आणि वर चढणाऱ्या सगळ्या सायकलींच्या विरुद्ध दिशेने उतार धरला. लोक शिव्या घालत होते. एकाच्या खांद्याला याचा खांदा घासला. गाडी दिसल्यावर त्याने खिडकीतून हात आत घातला आणि ओरडला, "पंप! पंप द्या!"

बाईंनी काही विचारलं नाही. पंप दिला. तो परत वर निघाला. ती दोन वळणं तो ज्या वेगाने चढला तो वेग त्याच्या आयुष्यात त्याला आधी कधी गाठता आला नव्हता आणि नंतरही नाही. घोड्याची फुप्फुसं त्या दिवशी कामाला आली. बगळ्याच्या तोंडाला त्याने स्वतः पंप लावला, एकदा, दोनदा, आणि छातीवर हात ठेवून बसून राहिला. तळहाताखाली ती शिट्टी हळूहळू मंद होत गेली. तेवढ्यात बाई पोहोचल्या. कोणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तोच पहिल्या पानावर आला. अकरा वर्षांत पाणक्याचा पहिल्या पानावरचा हा एकच फोटो, आणि त्यातही त्याची फक्त पाठ दिसत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याने डॉक्टरीणबाईंना गाठलं. "बाई, खरं सांगा. त्या गोळ्यांनी तो जिंकला का?"

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "आजार खरा आहे. त्या गोळ्यांनी थोडा फायदाही झाला असेल, कोणी सांगावं? मला नाही सांगता येणार, तुम्हालाही नाही, आणि पेपरवाल्याला तर नाहीच. मी माझ्या पेशंटला श्वास घेता यावा म्हणून सही केली. पुन्हा करीन."

आत बगळा झोपला होता आणि धाकटी त्याच्या केसांवरून हात फिरवत होती. दारातून ते बघताना पाणक्याच्या पोटात पुन्हा तेच दुखलं. माणूस मरता मरता वाचला होता, आणि तरीही! त्याला स्वतःची किळस आली. पण दुखायचं काही थांबलं नाही.

धाकटी बाहेर आली. बाकावर त्याच्यापासून हातभर अंतर ठेवून बसली.

"गोळ्या सात दिवसांच्या होत्या," ती म्हणाली.

"काय?"

"कागदावर सात दिवस आहेत. डॉक्टरीणबाईंकडे सात, त्या तिघा डॉक्टरांकडे सात. नऊ मी म्हणाले होते, गडबडीत, चुकून. फक्त तुला." ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. "पेपरात नऊ छापून आलं तेव्हाच मला कळलं. वाटलं, तू स्वतः येऊन सांगशील. रोज वाट बघितली."

पाणक्याने तोंड उघडलं. बायकोलाही सांगितलं होतं, असं म्हणता आलं असतं. तेवढ्या खालच्या थराला मात्र तो गेला नाही. "मला त्याचं... मला बघवत नव्हतं गं त्याचं," तो म्हणाला.

"त्याने तुझं काय घेतलं होतं?"

"काही नाही."

"मी त्याला सांगणार नाही," धाकटी म्हणाली. "तुझ्यासाठी नाही. त्याला तू फार आवडतोस, म्हणून. आणि आता तर काय, जीव वाचवलास. तो जन्मभर तुझे गुण गाईल. ते ऐकून घे."

चौकशीत बगळा निर्दोष सुटला. ती बातमी सातव्या पानावर आली. तो आणखी दोन वर्षं शर्यतीत उतरला, पण पहिला कधी आला नाही. पाणक्याने त्याच हंगामाच्या शेवटी संघ सोडला. मॅनेजरने कारण विचारलं तर म्हणाला, "पाठ दुखते." अकरा वर्षांत मॅनेजरसमोर पहिल्यांदाच त्याने दुखण्याचं नाव काढलं होतं, आणि तेही खोटं.

आता तो सायकल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. धाकटीकडे जाणं-येणं आहे. ती वाढते, तब्येत विचारते, पण दादा म्हणत नाही. नुसतं "तू" म्हणते. बगळा मात्र आला-गेला दिसला की पाणक्याला हाताला धरून पुढे आणतो. "हा माझा दादा. याच्यामुळे मी जिवंत आहे." मग डोंगरातली ती गोष्ट पहिल्यापासून सुरू होते, आणि पाणक्या ताटात बघत बसतो. गोष्ट संपेपर्यंत धाकटी त्याच्यावरची नजर काढत नाही.

परवा दुकानात एक गिऱ्हाईक चाकातली हवा तपासता तपासता म्हणाला, "तुम्ही त्या बगळ्याचे मेहुणे ना? तुम्ही तर आतले. खरं सांगा, जिंकला होता की गोळ्यांनी जिंकवलं होतं?"

हा प्रश्न पाणक्याला वर्षातून दहा वेळा येतो, आणि दर वेळी तो "मला काय माहीत" म्हणून हात पुसतो. त्या दिवशी का कोण जाणे, त्याने पाना खाली ठेवला.

"जिंकला होता," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगला होता तो."

बोलताना त्याला आतून इतकं टोचलं की क्षणभर वाटलं, शब्द परत घ्यावेत. गिऱ्हाईकाने खांदे उडवले. त्याला दुसरंच काहीतरी ऐकायचं होतं. पाणक्याने चाक चढवलं, एकदा फिरवून बघितलं आणि पुढची सायकल ओढून घेतली.